नवतपातले गिगाहर्ट्झ

२३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंश तापमान नोंदले गेले. साडेपाच वर्षांनी, २९ डिसेंबर २०१८ च्या पहाटे, याच शहरात पारा ३.५ अंशांवर उतरला. दोन्हींत अंतर ४४.४ अंशांचे. प्रोसेसर ओव्हरक्लॉक करायला निघालेल्या नागपूरकराने बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, शिरण्याआधी हे अंतर मनाशी घोळवावे. ओव्हरक्लॉकिंग शिकवणारे बहुतेक व्हिडिओ एसीच्या नाहीतर थंड देशातल्या खोलीत केलेले असतात. त्यातला माणूस स्वेटर घालून बसलेला असतो आणि आपण डोक्याला ओला दुपट्टा बांधून त्याला बघत असतो. त्याचे आकडे खोटे नसतात, पण ते त्याच्या खोलीचे असतात.

हे शहाणपण मला फुकट मिळालेले नाही. एका जानेवारीत मी माझ्या असेंबल्ड कॉम्प्युटरचा वेग ४ गिगाहर्ट्झवरून ४.६ वर नेला. रात्रभर चाचणी चालवली, एक चूक निघाली नाही. दोन-अडीच महिने स्वतःवर खूश होतो. एप्रिलमध्ये एका लग्नाच्या व्हिडिओचे रेंडरिंग चालू असताना दुपारी तीनला स्क्रीन निळी झाली. चारला पुन्हा. रात्री अकराला तेच काम निमूट पार पडले. दुसऱ्या दिवशी मशीन बर्डीच्या बाजारातल्या एका दुकानात नेले, तर तिथल्या मेकॅनिकने कॅबिनेट उघडण्याआधीच विचारले, "भाऊ, थंडीत केलं होतं का हे?" मी हो म्हटल्यावर तो हसला. "मंग? त्याले का माहीत उन्हाळा लागला म्हणून!"

खरे तर त्याला, म्हणजे प्रोसेसरला, उन्हाळा लागल्याचे सगळ्यात आधी कळते.

प्रोसेसरच्या आत एक ठेका चालू असतो. लेझीम पथकात ढोलाच्या प्रत्येक ठोक्याला एक पाऊल पडते, तसे इथे प्रत्येक ठोक्याला विद्युत संकेत ट्रान्झिस्टरच्या एका टोळीकडून पुढच्या टोळीकडे सरकतात. ५ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ५ अब्ज ठोके. एका ठोक्याला ०.२ नॅनोसेकंद मिळतात. एवढ्या अवधीत प्रकाशसुद्धा जेमतेम ६ सेंटिमीटर जातो. पुढचा ठोका पडण्याआधी संकेत पोचून स्थिर झाला पाहिजे, नाहीतर शून्याच्या जागी एक वाचला जातो आणि तिथून पुढचे गणित बिघडते. कंपनी चिपवर जो वेग छापते तो पथकातल्या सगळ्यात मंद गड्याला झेपेल असा, वर थोडी गुंजाईश ठेवून ठरवलेला असतो. ही गुंजाईश वापरून घेणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग.

आज मदरबोर्डवरचा पायाभूत ठोका साधारण १०० मेगाहर्ट्झचा असतो आणि प्रोसेसर त्याला एका गुणकाने गुणतो. ४६ पट केले की ४.६ गिगाहर्ट्झ. बायोसमध्ये एक आकडा बदलला की झाले. पूर्वी यासाठी मदरबोर्डवरचे जंपर उपटून दुसऱ्या पिनांवर बसवावे लागत. १९९८ सालच्या इंटेलच्या सेलेरॉन ३००ए या स्वस्त प्रोसेसरने हा उद्योग घरोघरी नेला. त्याचा गुणक साडेचारला कुलूपबंद होता आणि पायाभूत ठोका ६६ मेगाहर्ट्झ. पण त्याच मदरबोर्डवर १०० चा पर्याय असायचा. तेवढा बदलला की ३०० चा प्रोसेसर ४५० वर धावू लागे. म्हणजे दीडपट, आणि तोही बऱ्याचदा सोबत आलेल्या हीटसिंकवरच. पुढे २००० च्या सुमारास एएमडीच्या अॅथलॉनचे कुलूप लोकांनी शिसपेन्सिलीने उघडले. चिपच्या पाठीवर तुटके पूल ठेवलेले असत. त्यांवर पेन्सिल घासली की ग्रॅफाइटमधून वीज जाई आणि गुणक मोकळा होई. दोन रुपयांच्या पेन्सिलीने हजारोंचा माल वर चढवण्याचा तो काळ होता आणि या छंदाची सगळी दंतकथा त्याच काळावर पोसली आहे. आज दीडपट कुणालाच मिळत नाही. पाच-सात टक्के मिळाले तरी लोक फोटो काढून ठेवतात.

असे का झाले, त्याची मुळे उष्णतेत आहेत.

ठेका वाढवला की मंद गडी मागे पडतात. त्यांना पळवायचे तर व्होल्टेज वाढवावे लागते. चिपमध्ये खर्ची पडणारी वीज वेगाच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. माझेच उदाहरण घ्या. ४ चे ४.६ केले, म्हणजे वेग १५ टक्क्यांनी वाढला. त्यासाठी १.२० चे १.३८ व्होल्ट द्यावे लागले, तेही १५ टक्केच. आता १.१५ ला १.१५ ने दोनदा गुणा. उत्तर १.५२ येते. पंधरा टक्के वेगासाठी बावन्न टक्के जास्त वीज, आणि चिपमध्ये शिरलेल्या विजेची शेवटी सगळी उष्णताच होते. १२५ वॅटचा प्रोसेसर १९० चा झाला. रोज सहा तास पूर्ण भाराने काम केले तर महिन्याला अकरा-बारा युनिट जास्तीचे. बिलाचे एक वेळ सोडा, पण ते ६५ वॅट त्याच खोलीत येऊन पडतात जिथे आपण बनियनवर बसलेलो असतो.

हीटसिंक आणि पंखा प्रोसेसरला थंड करतात असे आपण म्हणतो. ते खोलीच्या हवेपेक्षा थंड कधीच करत नाहीत. त्यांचे काम एवढेच, की अमुक वॅटला चिप हवेपेक्षा अमुक अंश वर राहील. समजा १२५ वॅटला हे अंतर ५० अंश आहे. डिसेंबरच्या २० अंशांच्या खोलीत चिप ७० वर राहील. मेमध्ये दुपारी ४२ अंशांच्या खोलीत ती ९२ वर जाईल. यात काहीही बिघडलेले नाही, नुसता ऋतू बदलला. आता ओव्हरक्लॉक करा. दीडपट विजेला अंतरही दीडपट, म्हणजे ७६ अंश. डिसेंबरात ९६, अंगावर काटा येईल पण चालेल. मेमध्ये ११८. ते शक्यच नाही. इंटेलच्या बहुतेक डेस्कटॉप चिप १०० अंशांना आणि एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतल्या बऱ्याचशा ९५ अंशांना स्वतःच पाय मागे घेतात, म्हणजे ठेका आपोआप उतरवतात. त्यामुळे हिवाळ्यात जिंकलेले मशीन नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत, कधी कधी हात न लावलेल्या मशीनपेक्षाही हळू चालते. वर चिप तापली की तिच्यातली विजेची गळती वाढते, गळती वाढली की ती आणखी तापते. आणि माझ्यावर आली तशी घटका आली तर ठेका उतरण्याआधीच एखादा संकेत चुकतो नि निळी स्क्रीन येते.

यावर ओळखीतला एक जण हमखास सुचवतो, "मग पाण्याचा कूलर लाव ना." इथे विदर्भात एक गंमत होते. कूलर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर खिडकीतला पत्र्याचा डबा, वाळ्याच्या ताट्या आणि टाकीतली मोटर येते. तो कूलर हवा खरोखर थंड करतो, कारण त्यातले पाणी उडून जाते आणि उडताना हवेची उष्णता घेऊन जाते. ४४ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असलेल्या कोरड्या हवेत ओल्या फडक्याने गुंडाळलेला तापमापक २३ च्या आसपास दाखवतो. चांगल्या ताट्या असतील तर कूलरमधून २७-२८ अंशांची हवा येते. प्रोसेसरवर बसवतात त्या लिक्विड कूलरमधले पाणी मात्र नळीत बंद असते. ते उडत नाही, ते फक्त चिपची उष्णता रेडिएटरपर्यंत वाहून नेते आणि तिथे पुन्हा खोलीचीच हवा भेटते. हवा ४२ ची असेल तर महागातला लिक्विड कूलरही ४२ च्या खाली येणार नाही. तेव्हा नागपुरात प्रोसेसरसाठी घेण्याजोगी पहिली गोष्ट खिडकीतलाच कूलर आहे, असे मी आता उघडपणे सांगतो. शहराच्या उत्तरेला कोराडीचे औष्णिक केंद्र हेच तत्त्व वापरते. तिथल्या शीतकरण मनोऱ्यांतून दिसणारे ढग म्हणजे उडालेले पाणीच, आणि त्यासाठी नागपूरचे सांडपाणी शुद्ध करून पुरवले जाते. आपण ज्या विजेने चिप तापवतो ती वीजही अशीच कुठेतरी पाणी उडवून आलेली असते.

खिडकीतल्या कूलरचे एक मात्र सांभाळावे लागते. त्याचा झोत थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नये. ओल्या हवेने पाणी साचेल ही भीती नको, कारण चालू मशीनचे भाग खोलीपेक्षा गरमच असतात आणि गरम वस्तूवर दव धरत नाही. त्रास आहे तो तुषारांचा आणि धुळीचा. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर. तो थेंब मदरबोर्डवर वाळला की मागे पांढरा डाग राहतो, आणि दमट दिवशी तोच डाग वीज वाहू देतो. ओलाव्याने धूळही भुरभुरीत न राहता हीटसिंकच्या पात्यांत लिंपून बसते. मार्चमध्ये घरच्या कूलरच्या ताट्या बदलतो त्याच दिवशी मी कॅबिनेट गॅलरीत नेऊन ब्लोअरने साफ करतो. प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली पेस्ट दोन-तीन वर्षांनी बदलली तरी पुरते.

तापमान कोणत्या सेन्सरवर वाचायचे, हाही प्रश्न आहे. ३० मे २०२४ ला नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले. बातमी देशभर पळाली. मग हवामान खात्याने सांगितले की सेन्सर बिघडला होता, आकडा खरा नाही. मदरबोर्डवरही पाच-सहा सेन्सर असतात आणि मॉनिटर करणारी सॉफ्टवेअरे त्यांतल्या काहींना चुकीची नावे देतात. एकदा मला मदरबोर्डचा कुठलासा भाग १२७ अंशांवर दिसला. त्या जागी सेन्सरच नव्हता.

आता थोडे मागे जाऊ. वेग वाढवायला ठेका हाच एक रस्ता नाही, हे ज्यांनी भारताला दाखवले त्यांचा नागपूरशी जवळचा संबंध आहे. विजय भटकर मूळचे अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे. त्यांनी नागपूरच्या विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयातून, म्हणजे आजच्या व्हीएनआयटीतून, १९६५ साली पदवी घेतली. १९८० च्या दशकात हवा तो क्रे सुपरकॉम्प्युटर अमेरिकेकडून मिळेना, तेव्हा १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था उभी राहिली आणि १९९१ मध्ये भटकरांच्या नेतृत्वाखाली परम ८००० तयार झाला. त्यात एकच प्रचंड वेगवान प्रोसेसर नव्हता. ट्रान्सप्यूटर नावाच्या, एकेकट्याने पाहता साध्याच चिप एकमेकींना जोडून काम वाटून दिले होते. क्रेची जुनी यंत्रे वेगाच्या मागे लागून इतकी तापत, की १९७६ च्या क्रे-१ ला थंड ठेवायला जुन्या फ्रिजमधल्यासारखे फ्रिऑन फिरवावे लागे.

घरगुती प्रोसेसर त्याच वळणावर आले ते २००४ साली. पेंटियम ४ चा ठेका ३.८ गिगाहर्ट्झवर थांबला, ४ ची घोषणा इंटेलने मागे घेतली आणि त्यापुढचा टेजस नावाचा बेत रद्द केला. कारण पुन्हा उष्णताच. त्यानंतर एका चिपमध्ये दोन, चार, आठ गाभे (कोअर) आले. हौशी मंडळींनी एकट्या ठेक्याचा पाठपुरावा चालू ठेवला आणि डिसेंबर २०२२ मध्ये कोअर आय९-१३९००के ला ९ गिगाहर्ट्झच्या पार नेले, पण त्यासाठी उणे २६९ अंशांचे द्रवरूप हेलियम ओतावे लागले. बघायला मजा येते. त्यावर कुणी लग्नाचा व्हिडिओ रेंडर करत नाही.

गेल्या काही वर्षांत मोठा बदल झाला तो असा, की गुंजाईश वापरून घेण्याचे काम कंपन्या स्वतःच करू लागल्या. आजची चिप तापमान आणि वीज बघून क्षणाक्षणाला आपला ठेका वरखाली करते. २०२४ चा कोअर आय९-१४९००केएस डब्यातून निघतानाच ६.२ गिगाहर्ट्झपर्यंत जातो. मागे उरते ती गुंजाईश किती पातळ असते हे त्याच वर्षी दिसले. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या अनेक डेस्कटॉप चिप, कुणी ओव्हरक्लॉक केलेल्या नसतानाही, खेळ चालू असताना बंद पडू लागल्या. कंपनीने जुलैमध्ये मान्य केले की चिप गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होत्या. ऑगस्टमध्ये दुरुस्तीचा मायक्रोकोड आला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली गेली. झालेली झीज मात्र मायक्रोकोडने भरून येत नाही.

म्हणून आजकाल मी उलटा धंदा करतो. व्होल्टेज कमी करतो. दर चिपला थोडा जास्तीचा डोस दिलेला असतो. तो पाच टक्क्यांनी उतरवला तर वर्गाच्या हिशेबाने दहा टक्क्यांच्या आसपास वीज वाचते, चिप थंड राहते आणि थंड राहिल्यामुळे आपला आपोआप वाढणारा ठेका जास्त वेळ वरच ठेवते. मे महिन्यात व्होल्टेज उतरवलेले माझे मशीन जानेवारीत ठरवलेल्या त्या ४.६ वर मेमध्ये चालणाऱ्या मशीनपेक्षा रेंडरिंग लवकर संपवते. प्रत्येक चिपला किती झेपेल हे नशिबावर असते. एकाच साच्यातल्या दोन चिपसुद्धा सारख्या निघत नाहीत, संत्र्याच्या एकाच झाडावरच्या दोन फळांसारख्या.

रॅमची गोष्ट वेगळी आहे, आणि इथे खरोखर फुकटात काहीतरी मिळते. दुकानातून ३२०० लिहिलेली डीडीआर४ रॅम आणलेली असते आणि ती वर्षानुवर्षे २१३३ वर चालत असते. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा वेग दिसतो, एकदा उघडून बघा. रॅमच्या पट्टीवर एका छोट्या चिपमध्ये तिचे ठरीव आकडे आणि तिचे चढे आकडे दोन्ही लिहिलेले असतात. चढ्या आकड्यांच्या तक्त्याला इंटेलकडे एक्सएमपी म्हणतात, एएमडीने डीडीआर५ साठी २०२२ मध्ये एक्स्पो आणला. बायोसमध्ये तो चालू करेपर्यंत मदरबोर्ड सावधपणे खालचेच आकडे वापरतो. मोठा वेग हे अर्धेच सत्य. मागितलेला शब्द हातात पडायला किती ठोके लागतात, तो सीएल हा आकडाही बघावा लागतो. सीएलला २००० ने गुणून रॅमच्या वेगाने भागले की नॅनोसेकंद मिळतात. २१३३ वर सीएल १५ म्हणजे १४ नॅनोसेकंद. ३२०० वर सीएल १६ म्हणजे १०. डीडीआर५ ची ६००० ची सीएल ३० वाली पट्टी घ्या, तरी १०च. दुप्पट पैसे मोजणाऱ्याने हे गणित दुकानात उभ्या उभ्या करावे. (मोठ्या फायलींची वाहतूक डीडीआर५ वर जलद होते हे खरे, पण वाट बघण्याचा वेळ तेवढाच राहतो.)

रॅमलाही उन्हाळा लागतोच. तिच्यातला प्रत्येक बिट म्हणजे विद्युत प्रभाराचे एक इवलेसे मडके, आणि ते पाझरते. म्हणून डीडीआर४ मध्ये सगळी मडकी ६४ मिलिसेकंदांत एकदा पुन्हा भरावी लागतात. तापमान ८५ अंशांच्या वर गेले की पाझर वाढतो आणि हेच काम ३२ मिलिसेकंदांत उरकायचा नियम आहे. एक्सएमपीमध्ये व्होल्टेज १.२ वरून बहुधा १.३५ वर जाते, त्यात ग्राफिक्स कार्डची गरम फुंकर पट्ट्यांवर येते, आणि बंद कॅबिनेटमध्ये मेची दुपार. प्रोसेसर चुकला तर मशीन बंद पडते, निदान कळते तरी. रॅम चुकली तर कित्येकदा काहीच कळत नाही, फक्त एखाद्या फोटोच्या खालच्या अर्ध्या भागात करडा पट्टा येतो किंवा टॅलीतल्या एका रकमेचा एक बिट उलटतो आणि ती फाइल तशीच सेव्ह होते. जिथे हिशेब किंवा दुसऱ्याचे काम आहे त्या मशीनवर मी एक्सएमपीच्या पुढे एक पाऊल टाकत नाही, आणि तो चालू केल्यावरही मेमटेस्ट८६ चे चार फेरे झाल्याशिवाय मशीन कामाला लावत नाही.

प्रोसेसरच्या चाचणीला प्राइम९५ वापरतात. मुळात तो महाकाय मर्सेन मूळसंख्या शोधण्यासाठी लिहिलेला प्रोग्राम. त्याला आपली उत्तरे पडताळता येतात, त्यामुळे एक बिट चुकला तरी तो ओरडतो. लोक ही चाचणी रात्री लावून झोपतात. नागपुरात ती २५ मेनंतरच्या एखाद्या दुपारी दोनला, खिडकीतला कूलर बंद करून लावावी. लाइट जायची शक्यता असतेच, तेव्हा यूपीएस आधी बघून घ्यावा. अर्ध्या तासात जे आकडे टिकतात तेच आपले. कुणाची परीक्षा एवढ्या कडक उन्हात घ्यायची नसेल तर त्याने ओव्हरक्लॉकिंगचे पैसे जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकण्यात घालावेत. घरातल्या दहापैकी नऊ कॉम्प्युटरांना त्याचीच गरज असते.

बायोसमध्ये आकड्यांचे संच नाव देऊन साठवता येतात. माझ्याकडे सध्या दोन आहेत. एक थंडीतला, त्यात अजूनही ४.४ गिगाहर्ट्झ ठेवले आहेत, हौस म्हणून. दुसरा व्होल्टेज उतरवलेला. तो होळी झाली की चालू होतो आणि पहिले दोन-तीन पाऊस पडून अंगणातली माती गार होईपर्यंत तसाच राहतो.